भिलाईला पाठवलेला बैल

भिलाईचे पाकीट आले तेव्हा रूपराव पडवीत बसून पेटीवर मांजरपाट शिवत होता. हातात दाभण होते आणि दोऱ्याचे टोक दातांत धरलेले होते. पाच पेट्या शिवायच्या होत्या, त्यातली ही तिसरी. पाचही पेट्यांत एकेक लाकडी बैल होता. उद्या सकाळी त्या पोस्टात टाकल्या की पोळ्याच्या आत ज्याच्या त्याच्या घरी पोचतील, असा त्याचा अंदाज होता. पोळ्याला अकरा दिवस राहिले होते.

आंजीच्या पोस्टाचे सगळे काम बबनराव एकटेच करीत. सकाळी शिक्के मारायचे, वजन करायचे आणि दुपारी पिशवी खांद्याला लावून गावात टपाल वाटायचे.

"रूपरावजी, भिलाईचं पाकीट हाय," ते दारातूनच म्हणाले. "कार्ड नाई, पाकीट. म्हंजे बाईनं लंबं लिहिलं असन."

"ठेवा तिथं."

"ठेवा कसं? मले बी आयकू द्या. तो बैल माह्याच हातानं गेला. म्याच शिक्का मारला त्याच्यावर."

रूपरावने दाभण कापडात टोचून ठेवले आणि पाकीट हातात घेतले. वर नाव होते, श्रीमती जयवंताबाई रूपराव सुतार. जयवंता त्याची बायको. होळीच्या पाच दिवस आधी ती चार दिवसांच्या तापाने गेली होती, त्याला आता साडेपाच महिने झाले होते. बाहेरगावचे टपाल अजून तिच्याच नावाने येत होते, कारण बाहेरगावी कोणाला ते माहीत नव्हते. रूपरावने कोणाला कळवलेच नव्हते.

त्याने पाकीट फोडले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, ओळीखाली बोट धरून वाचत गेला.

"जयवंताबाईस विमलाबाईचा नमस्कार. बैल सोमवारी मिळाला. पेटी फार मजबूत आहे. पण आतल्या बैलाचे उजवे शिंग मुळातून मोडले आहे. ओमप्रकाशने सरस लावून पाहिला, पण सांधा दिसतो. तुला माहीतच आहे, मोडक्या शिंगाच्या बैलाला आपल्याकडे कुंकू लावत नाहीत. यंदा माझ्या नातवाचा पहिला तान्हा पोळा आहे. इकडे असा बैल कुठे मिळत नाही. जमले तर दुसरा पाठव.

आणखी एक लिहिते, रागावू नको. तुझे बैल नेहमी पाय वर करून येत. झाकण काढले की आधी चार खूर दिसत, डोळ्यांवर पट्टी बांधलेली असे. घरातली सगळी जमून त्याला उठवत. यंदा बैल उभा आला, डोळे उघडे. ही बांधणी तुझ्या हातची नाही. तू आजारी आहेस काय? कळव."

"काय झालं?" बबनरावांनी विचारले.

"शिंग मोडलं."

"माह्याकडून नाई मोडलं बापा. म्या तं थैल्यात लेकरावानी ठेवला होता."

"तुमाले कोन म्हनते?"

"नाई, म्हनते नाई, पन लोकं पोस्टावरच येतात शेवटी."

रूपराव पुन्हा पत्र वाचू लागला. त्याचे बोट एकाच ओळीवर थांबले होते. पाय वर करून येत.

"बबनरावजी, इतके वर्स तुमच्या हातून ह्या पेट्या गेल्या. आतमंदी बैल कसा राहे, तुमी पाह्यलं का कधी?"

"हे बेस हाय! मी का लोकायच्या पेट्या उसवून पाह्यतो का? मले नोकरीवर राह्याचं हाय." बबनराव जायला वळले आणि पायरीवर थांबून म्हणाले, "तुमच्या घरात बांधनी होये अन् इचारून मले राह्यले."

ते बोलले हसतच, पण रूपरावला लागले. बोलणे खरे होते.

बैल बाहेरगावी पाठवायचे काम रूपरावने काढलेच नव्हते. तो गावचा सुतार. वखर, डवरे, तिफणी, दारे आणि चौकटी हे त्याचे काम. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तो लेकरांचा. लेकरे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, बाया त्या बैलांचे पाय धुतात, कुंकू लावतात आणि लेकरांच्या हातावर काही ना काही ठेवतात. म्हणून रूपराव दर पावसाळ्यात उरल्यासुरल्या सागाचे वीतभर उंचीचे बैल कोरायचा. गावाला पुरतील एवढेच.

विमलाबाई याच गावची. तिचा मुलगा ओमप्रकाश भिलाईच्या कारखान्यात लागला आणि तिला घेऊन गेला. पहिल्याच वर्षी तिचे जयवंताला कार्ड आले की पोळा जवळ आला, पण इथे बैल नाही, करमत नाही. जयवंताने कार्ड वाचून ठेवले आणि म्हणाली, "म्या पाठवते."

"बैल का पोस्टानं जाते?" रूपराव हसला होता.

"मानूस आगगाडीनं जाते तं बैल काऊन नाई जानार?"

आणि बैल गेला. दुसऱ्या वर्षी भिलाईतून तीन कार्डे आली. मग जबलपूर, इटारसी, खडकी, जिथे जिथे वर्ध्याकडची माणसे पोटामागे गेली होती तिथून कार्डे येऊ लागली. वर्षाला आठ-दहा बैल जात. रूपराव कोरायचा, रंगवायचा, शेवटी कुंचल्याने डोळे काढायचा आणि बैल जयवंतापुढे ठेवून कामाला लागायचा. श्रावणात शेतकऱ्यांचे डवरे मोडत, त्याला श्वास घ्यायला वेळ नसे. पुढे जयवंता काय करते, ते त्याने कधी पाहिले नाही. ती चपला-जोड्यांच्या दुकानातले खोके आणायची, कापूस राखून ठेवायची, मागच्या खोलीत बसून बांधायची. दहा वर्षांत एक शिंग मोडले नाही, म्हणून विचारायची वेळही आली नाही.

यंदा पाऊस लागल्यावर तिच्या नावाने सहा कार्डे आली. रूपरावने ती देवाजवळ ठेवली. उत्तर लिहायचे तर काय लिहायचे? ती नाही असे लिहावे लागले असते. त्यापेक्षा बैल पाठवणे सोपे होते. त्याने सहा बैल कोरले आणि आयुष्यात पहिल्यांदा बांधणी स्वतः केली. ती त्याने सुताराच्या डोक्याने केली. खोका कशाला, म्हणून फळ्यांची पेटी केली. तळाला चार खाचा पाडल्या, त्यांत बैलाचे चार खूर ठोकून बसवले. पेटी हलवली तरी आत काही वाजेना. जयवंताने पाहिले असते तर काय म्हणाली असती, असेही त्याच्या मनात आले होते आणि त्याला थोडे बरे वाटले होते. पहिली पेटी भिलाईला गेली, कारण विमलाबाईने लवकर पाठव असे लिहिले होते.

आता ते मोडलेले शिंग त्याच्या डोळ्यांपुढे होते. चूक कुठे झाली ते त्याला लगेच कळले. खूर जागचे हलेनात, अंग हलेना, मग पेटी आपटली की सगळा हिसका जाऊन शिंगांतच थांबणार. त्यात शिंगे झाकणाला भिडलेली. म्हणजे या पाच पेट्याही तशाच. त्याने शिवलेल्या तीन पेट्या पुन्हा उसवायला घेतल्या.

उपाय पत्रातच लिहिलेला होता. बैल उलटा ठेवायचा. शिंगे आणि पाठ खाली कापसात रुतवायची, वरचा भार जाड पायांवर घ्यायचा. सुताराला हे समजायला कोणी शिकवावे लागत नाही. पण समजले तरी हात चालेना.

रूपरावचा बाप, बापूजी, त्याला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचा. बैलाचे डोळे शेवटी काढायचे. डोळे काढले की तो जिता झाला. मग तो आडवा ठेवायचा नाही, उभाच ठेवायचा. आणि पाठीवर, चार पाय आभाळाकडे करून? तसा बैल गावात कधी दिसतो ते सगळ्यांना ठाऊक होते. मेलेला बैल गाडीवर टाकून गावाबाहेर नेतात तेव्हा. जयवंताने, याच घरात, त्याने डोळे काढलेले बैल दहा वर्षे तसे ठेवले, हे त्याला पटेना. ती तसली बाई नव्हती. उंबऱ्यावर पाय न देणारी, भाकरीचा पहिला तुकडा गाईला ठेवणारी. तिने हे केले असेल तर का केले? आणि त्याला का सांगितले नाही?

त्याने राखीव म्हणून कोरून ठेवलेला सातवा बैल घेतला, त्याला नीट शिंगे बसवली, रंग दिला. डोळे मात्र काढले नाहीत. वाटले, डोळ्यांशिवाय उलटा ठेवावा, म्हणजे दोष नाही. पण आंधळा बैल लेकराच्या पहिल्या पोळ्याला कसा पाठवायचा? बैल तसाच कोनाड्यात ठेवून रूपराव दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने वर्ध्याला आणि तिथून पवनारला गेला. पवनार जयवंताचे माहेर. तिचा मोठा भाऊ नानाजी तिथे शेती करून होता.

नानाजींचे घर नागपूरच्या सडकेला लागूनच होते. ते ओट्यावर बसून दोर वळत होते.

"या जवाईबुवा! बहीन गेली तं रस्ता बी इसरले म्हनलं."

"रस्ता नाई इसरलो."

"मंग पाय मोडला होता का? तेरवीनंतर आज दिसून राह्यले." नानाजींनी सरकून जागा केली आणि आत आवाज दिला, "चहा टाका वं, आंजीचे पाव्हने आले. साखर जास्त टाका, लई दिवसाची कडू तोंडं हायेत."

रूपराव बसला. दोघांनी पावसाचे, कपाशीचे बोलून घेतले. चहा आला, संपला. मग रूपराव म्हणाला, "नानाजी, एक इचाराचं हाय. जयवंता बैल कशी बांधे, तुमाले मालूम हाय का?"

"कोनता बैल?"

"लाकडाचा. पेटीत."

नानाजींनी दोर खाली ठेवला. "तीस वर्स बाई तुमच्या घरात राह्यली, अन् तिची बांधनी मले इचाराले मोटारीनं आले?"

"हौ."

"धन्य हाय तुमची."

रूपरावने खिशातून पाकीट काढले आणि ती ओळ वाचून दाखवली. मग बापूजी काय सांगायचा ते सांगितले, मेलेल्या बैलाचे सांगितले. पत्र मांडीवर ठेवून तो म्हणाला, "असं काऊन केलं असन तिनं? मले तं समजूनच नाई राह्यलं."

नानाजी हसायच्या बेतात होते, पण हसले नाहीत.

"डोळ्यावर पट्टी म्हनता?"

"हौ, असं लिहिलं हाय बाईनं."

"अन् शिंगं खाली, कापसात?"

"हौ."

"मेलेल्या बैलाच्या डोळ्यावर पट्टी कोन बांधते गा?"

रूपरावने मांडीवरच्या पत्रातली ती ओळ पुन्हा बोटाने शोधली.

"हे नालाचं हाय," नानाजी म्हणाले. त्यांनी सडकेपलीकडच्या मोकळ्या जागेकडे हात केला. तिथे आता सायकल दुरुस्तीची टपरी होती. "तिथं कडूनिंब होता. त्याच्याखाली नालवाला बसे. नागपूरकडं माल घेऊन जानाऱ्या बैलबंड्या इथं थांबत. घरच्या वावरात जानाऱ्या बैलाले नाल कोन मारते? लंब्या रस्त्यानं जाचं असलं का मारत. बैल दोरानं पाडत, चारी पाय एकाजागी बांधून वर करत. अन् शिंग मोडू नोये म्हनून मुंडक्याखाली कुटाराचं, भुश्याचं मऊ पोतं देत."

"कुटाराचं पोतं," रूपराव म्हणाला.

"हौ. आमची जयवंता सात-आठ वर्साची असन. बैल पडला का घरातून पये अन् त्याच्या मुंडक्याजवळ जाऊन बसे. माय बोंबले, लाथ बसन वं पोरी! पन आयके कोन? मालकाच्या खांद्यावरचा दुपट्टा घेये अन् बैलाच्या डोळ्यावर धरून बसे. हातोडा दिसला नाई पाह्यजे म्हने. नालवाला बी मंग तिचीच वाट पाहे. तिनं डोळे झाकले का बैल धडपडत नाई म्हने."

"मालकाचा दुपट्टा काऊन?"

"वास असते ना त्याले मालकाचा. बैलाले वाटते आपला मानूस जवळ हाय."

सडकेवरून एक मोटार गेली. 

"मले कधी बोलली नाई ते," रूपराव म्हणाला.

"तुमी इचारलं नसन."

"नाई इचारलं."

"अन् तुमी तुमच्या बापाचा नेम धरून बसता, हे का तिले ठाऊक नव्हतं? तुमाले सांगतलं असतं तं तुमी दिवसभर तोंड पाडून बसले असते. अन् बैल बी भिलाईले मोडकाच गेला असता." नानाजींनी दोर पुन्हा हातात घेतला. "ते लहानपनापासून अशीच. कोनाशी वाद नाई घालत, आपलं काम करून टाके."

परत येताना मोटारीत रूपरावला खिडकीची जागा मिळाली होती, पण त्याने बाहेर पाहिले नाही. त्याला त्याचे जुने दुपट्टे आठवत होते. दरवर्षी पोळ्याच्या सुमारास एक दुपट्टा नाहीसा व्हायचा. त्याने विचारले की ती म्हणायची, "फाटला होता, कामात लावला." त्याला वाटायचे, पातेले उतरवायला घेतला असेल.

घरी आल्यावर त्याने आधी सहाही बैल ओळीने मांडले. पेट्यांच्या तळाच्या खाचा तासून टाकल्या, फळ्या रंध्याने पातळ केल्या, पेट्या चार बोटे उंच केल्या आणि भिलाईसाठी सहावी पेटी तशीच केली. मग कापसाची अडचण आली. जयवंता हंगामातच दोन टोपल्या कापूस बाजूला काढून ठेवायची. यंदा हंगाम संपताना घरात कोणाचे लक्ष कापसाकडे नव्हते, आणि श्रावणात कापूस कोणाकडे मागायचा? त्याने स्वतःची उशी उसवली. सहा पेट्यांना ती पुरेना, तेव्हा उरलेली भर कुटाराने घातली, पण शिंगांखाली कापूसच ठेवला. त्या दिवसापासून तो जयवंताच्या उशीवर डोके ठेवू लागला.

खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याने त्याच्या पट्ट्या फाडल्या. दुपट्टा जुना नव्हता, पण जुना शोधत बसायला आता वेळ नव्हता. भिलाईचा बैल त्याने सर्वांत शेवटी घेतला. कुंचल्याच्या काडीने डोळे काढले, वाळू दिले. बैल त्याच्याकडे पाहू लागला.  आपण मेलेला बैल आठवतो आहोत की नाही, हे तो स्वतःलाच तपासून पाहत होता. आठवत होता. एका दिवसात तो जाणार नव्हता.

मग त्याने पट्टी बैलाच्या डोळ्यांवर धरली आणि कानांमागे गाठ मारली. गाठ मारताना त्याचे हात चांगले चालले. चारी पाय सुतळीने एकत्र बांधले. एक हात मानेखाली, एक पाठीखाली धरून त्याने बैल उचलला, लहान लेकराला पाळण्यात ठेवतात तसा हळूच उलटा केला आणि कापसात ठेवला. शिंगे रुतली. कापूस दोन्ही बाजूंनी वर आला.

"भिलाईले जाचं हाय तुले," तो बैलाला म्हणाला. "लंबं हाय."

त्याने झाकण लावून पेटी दोन्ही हातांनी जोरात हलवली. खरे तर आपटूनच पाहायची होती. ती त्याने गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीवर टाकली, उघडून पाहिली, बैल जिथल्या तिथे होता. दुसऱ्यांदा कमरेच्या उंचीवरून टाकली. तेव्हा शेजारची रुख्माबाई कुंपणावरून डोकावली.

"काय पाडून राह्यले हो भाऊ सकाळपासून?"

"बैल."

"अगं माय! पोळ्याच्या तोंडावर?"

"पोस्टवाले पाडतात तसं पाडून पाह्यतो."

रुख्माबाई काहीतरी पुटपुटत गेली. दुपारपर्यंत गावात झाले की बायको गेल्यावर रूपरावचे डोके फिरले, घरात पेट्या आपटतो. रूपरावच्या कानावर ते आले. त्याला त्याचे काही वाटले नाही. तो सहा पेट्यांवर कापड शिवत होता आणि पत्ता पायांच्या बाजूला येईल असे पाहत होता, कारण पोस्टात पत्त्याची बाजू वर ठेवतात.

पोळ्याला आठ दिवस उरले असताना सहाही पेट्या पोस्टात गेल्या. बबनरावांनी लाखेचे शिक्के मारले, वजन केले.

"ह्या टायमाले हलक्या झाल्या."

"फळीचं वजन कमी केलं. वाट लंबी हाय."

"पोचन ना भिलाईची?"

"तुमी सांगा. पोस्ट तुमचं हाय."

बबनरावांनी भिलाईची पेटी उचलून थैल्यात एका बाजूला ठेवली आणि तिच्यावर दुसरे काही ठेवले नाही.

मग वाट पाहण्याशिवाय काम नव्हते. रूपरावने गावचे डवरे दुरुस्त केले, गावातल्या लेकरांना बैल दिले. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकरे बैल घेऊन दारात आली. जयवंता असती तर तिने पाय धुतले असते, कुंकू लावले असते. रूपरावने तांब्या आणला आणि स्वतःच एकेका बैलाच्या खुरांवर पाणी घातले. कुंकू बोटाला फार लागले, एका बैलाचे कपाळ पार लाल झाले, तेव्हा लेकरे हसली. तोही हसला, पण त्याचे मन भिलाईत होते. ते तिथले लेकरू आज कोणाच्या दारात उभे असेल, आणि त्याच्या हातातल्या बैलाला दोन शिंगे असतील की एक, हेच घोळत होते. शिंग मोडले असेल तर पुढच्या वर्षी कार्ड येणार नाही. एक कार्ड बंद झाले की दुसरी होतील. मग जयवंताने लावलेले हे काम तिच्यामागे सहा महिन्यांतच संपले, असे होईल.

तान्ह्या पोळ्यानंतर सहाव्या दिवशी बबनराव नेहमीपेक्षा लवकर आले. "कार्ड हाय. म्या वाचलं, खोटं नाई बोलत. कार्ड उघडंच राह्यते."

रूपरावने कार्ड घेतले.

"जयवंताबाईस नमस्कार. बैल पोळ्याच्या दोन दिवस आधी मिळाला. झाकण काढले, आधी चार खूर दिसले, आणि मी ओमप्रकाशला हाक मारली की जयवंता बरी झाली. दोन्ही शिंगे शाबूत आहेत. पट्टी मी माझ्या हाताने सोडली. आमच्या गल्लीत सात घरी बैल नेला. तुझ्या तब्येतीची फार काळजी लागली होती, ती गेली. आता जपून राहा. फार काम करू नको."

रूपरावने कार्ड दोनदा वाचले आणि मांडीवर ठेवले. बबनराव उभेच होते. त्यांना पुढच्या घरी जायचे होते, पण ते गेले नाहीत.

"लिहून देऊ का दोन ओळी?" त्यांनी विचारले. "माह्याजवळ कोरं कार्ड हाय."

"कार्ड द्या. लिहितो मीच."

बबनरावांनी कार्ड दिले, खिशातला पेन दिला. रूपराव पेटीचे झाकण मांडीवर घेऊन बसला. पहिली ओळ लिहायला त्याला फार वेळ लागला. पेन टेकवायचा आणि उचलायचा. साडेपाच महिन्यांत हे वाक्य त्याने तोंडाने कोणाला सांगितले नव्हते. गावाला सांगायची गरजच पडली नव्हती, सगळे खांदा द्यायला होतेच. शेवटी त्याने अक्षर मोठे काढून लिहिले.

"विमलाबाईस रूपराव सुताराचा नमस्कार. जयवंता फाल्गुनात वारली. ताप होता. तुम्हाला कळवले नाही, माझी चूक झाली. पहिला बैल मी माझ्या मनाने बांधला म्हणून मोडला. दुसरा मीच बांधला, पण तिच्या रीतीने. ती रीत मला माहीत नव्हती, तुमच्या पत्रावरून कळली. तुम्ही लिहिले नसते तर कळली नसती."

इथे तो थांबला. बबनराव त्याच्या बाजूला पायरीवर येऊन बसले होते. त्यांनी पिशवी काढून खाली ठेवली होती.

"झालं?" त्यांनी हळूच विचारले.

"झालं."

"अजून दोन बोटं जागा हाय."

रूपरावने कार्डाकडे पाहिले. मग पुन्हा पेन टेकवला. या वेळी हात अडला नाही.

"लेकराचे नाव काय ठेवले ते कळवा. पुढल्या साली बैलाच्या पोटावर कोरून पाठवतो."